राज्य चालवणाऱ्या सुना

जर्मन राजकन्या सोफी १७४४ मध्ये, १४ व्या वर्षी रशियात आली. लग्नाआधी धर्म बदलला, नाव कॅथरीन झालं. १७६२ मध्ये नवऱ्याला गादीवरून खाली खेचून सम्राज्ञी झाली नि ३४ वर्षं राज्य केलं!

आपली ताराबाई तर तिच्याही आधीची. कराडजवळच्या तळबीडची, हंबीरराव मोहित्यांची लेक. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा पंचविशीची, पदरात लहान मुलगा. त्याच वर्षी सातारचा किल्ला मोगलांकडे गेला. तरी सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, तिनं त्याला झुंजवलं. १७१४ मध्ये कैदेत टाकलं ते मात्र घरच्यांनीच, सवतीच्या बाजूनं.

सातारा-सांगलीकडच्या गावांत विधवा सुनेचं नाव सातबाऱ्यावर लावायचं असलं की मी सोबत जाते. "बाईला शेतीतलं काय कळतंय?" दीर विचारतात. मी ताराबाईचं नाव घेते. दीर गप्प होतात. सही मात्र लगेच करत नाहीत.