आजोबांची बशी आणि झोपेची गोळी

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, आमच्या जयसिंगपूरच्या घरातल्या चहाच्या बशीवर आहे.

आजोबांनी बशी उचलली की चहा सांडायचा. लग्नकार्यात त्यांनी चहा घेणंच सोडलं. "लोकांना वाटतंय म्हातारा पितोय," म्हणायचे. आम्हाला वाटलं, पार्किन्सन्स. मिरजेच्या डॉक्टरांनी फरक सांगितला. पार्किन्सन्समध्ये हात मांडीवर निवांत असताना जास्त थरथरतो. आजोबांचा काम करताना थरथरतो. याला म्हणतात इसेन्शियल ट्रेमर. हा आजार दुर्मीळ नाही बरं का. १९८८ साली मुंबईतल्या पारशी वसाहतींचा घरोघरी केलेला सर्व्हे प्रसिद्ध झाला, त्यात शंभरात साधारण दीड-दोन जणांना हा कंप सापडला.

गोळी मिळाली प्रिमिडोन. मी लगेच सर्च केलं आणि घाबरलो. ही फिट्सची गोळी! शिवाय शरीरात तिचा काही भाग फेनोबार्बिटल बनतो, म्हणजे १९१२ पासून वापरात असलेलं, झोप आणणारं बार्बिट्युरेट.

मग कंपावर ही गोळी कशी? मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. बार्बिट्युरेट तो ब्रेक जास्त वेळ दाबून धरतं, म्हणून पेशी शांत होतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की फिट्ससाठी प्रिमिडोन घेणाऱ्या पेशंटचा कंपही कमी झालाय. पुढे नुसतं फेनोबार्बिटल देऊन तुलना केली, तर प्रिमिडोनच सरस ठरलं. म्हणजे फायदा फक्त गुंगीचा नाही.

आता महत्त्वाचं. सुरुवातीला चक्कर, मळमळ, झोप येते. म्हणून डोस अगदी कमी, रात्री, आणि हळूहळू वाढवत. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी "डोकं गरगरतंय रं" म्हणून गोळी बंद केली. तेव्हा डोस नगण्य होता, निभावलं. पण महिनोन्‌महिने घेऊन अशी गोळी अचानक सोडली, तर फिट येऊ शकते. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं.

डॉक्टरांनी डोस अजून कमी करून पुन्हा सुरू केला. आजार बरा झालेला नाही, हात अजून हलतो. पण परवा बारशाला आजोबांनी स्वतःहून चहा मागितला. थोडा सांडला. कुणी बघितलंही नाही.

तुमच्या घरी कुणाचा हात थरथरत असेल, तर त्यांना कागदावर जिलेबी काढायला सांगा, तिचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील. आपण फक्त 'वय झालंय' म्हणून सोडून द्यायचं नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!