कासवांचे गाव वेळास



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तो फक्त भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला आहे. मग समुद्रकाठच्या गावाची माहिती आपल्या भित्तिपत्रकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी सांगतो. आधी माहिती वाचा.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. सावित्री नदी समुद्राला मिळते, तिथून ते जवळच आहे. पेशवाईतील नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. पण आज लांबलांबचे लोक वेळासला जातात ते कासवांसाठी.

कासव किनाऱ्यावर का येते?

ऑलिव्ह रिडले जातीचे कासव सगळा जन्म समुद्रात काढते. फक्त अंडी घालायला मादी वाळूवर येते. आपल्याकडे थंडी सुरू झाली की तिकडे तिची वेळ होते. रात्री ती किनारा चढून येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. मग वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती परत बघायलाही येत नाही. पुढे पन्नास-पंचावन्न दिवस त्या अंड्यांना आई नाही आणि बापही नाही. फक्त वाळूची ऊब असते. गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात.

कोल्हे आणि कुत्री ही अंडी उकरून खातात. पूर्वी माणसेही ती काढून नेत. खरे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवाला आणि त्याच्या अंड्यांना संरक्षण आहे. पण रात्री अंधारात किनाऱ्यावर कायदा उभा राहत नाही. तिथे माणूसच उभा राहावा लागतो.

गाव कसे उभे राहिले?

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या लोकांना वेळासच्या किनाऱ्यावर लुटलेली घरटी दिसली. भाऊ काटदरे हे या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते. संस्थेने बाहेरचे राखणदार आणून बसवले नाहीत. वाळूवरची कासवाची खूण कोणाला ओळखता येत होती? गावकऱ्यांनाच. म्हणून गावकऱ्यांनाच राखणीला घेतले. ग्रामपंचायत आणि वनविभाग यांचीही साथ मिळाली. पुढे गावात कासव मित्र मंडळ झाले. आता कामे कशी चालतात ते पाहू.

१. गस्त : पहाटे उजाडण्याआधी कासवमित्र किनारा चालून काढतात. मादी येऊन गेली की वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण उमटते. त्या खुणेवरून घरटे सापडते.

२. घरटे हलवणे : अंडी हलक्या हाताने काढून मोजतात. कुंपण घातलेल्या जागेत तसाच आणि तेवढाच खोल खड्डा करून त्यात ठेवतात. अंडे फिरवायचे नाही, उलटे करायचे नाही. नाही तर आतला जीव मरतो. घरटे कोणत्या तारखेचे आणि अंडी किती, याची नोंद ठेवतात. म्हणजे पिल्ले केव्हा निघतील याचा अंदाज येतो.

३. पिल्ले सोडणे : पिल्ले वाळूतून वर आली की सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना किनाऱ्यावर सोडतात. पाण्यात नेऊन टाकत नाहीत. पिल्लाने आपल्या पायांनी चालत जायचे असते.

४. पाहुण्यांची सोय : २००६ पासून गावात कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले निघण्याच्या दिवसांत पाहुणे येतात. त्यांच्यासाठी मोठे हॉटेल बांधले नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात आणि घरचेच जेवतात. त्यामुळे पैसा घराघरात जातो, आणि स्वयंपाक करणाऱ्या आयाबायांनाही चार पैसे मिळतात.

पाहुण्यांनी काय पाळायचे?

दोरी बांधलेली असते, तिच्या अलीकडेच उभे राहायचे. पिल्लाला हात लावायचा नाही. बॅटरी किंवा फोटोचा लखलखाट करायचा नाही. पिल्लू उजेडाकडे चालते. समुद्रावरचा उजेड ही त्याची वाट. आपण दुसरा उजेड दाखवला तर ते बिचारे वाट चुकते. आणि त्या दिवशी पिल्ले निघालीच नाहीत, तर रागवायचे नाही. कासव कोणाच्या सुट्टीचा दिवस बघून येत नाही.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा वडील म्हणाले, "पाहुणे पैसे देतात म्हणून गाव राखतंय. उद्या पाहुणेच नाही आले तर?"

प्रश्न बरोबर आहे. मी परत माहिती वाचली, तेव्हा उत्तर तारखांतच सापडले. राखण सुरू झाली २००२ साली आणि महोत्सव सुरू झाला २००६ साली. म्हणजे चार वर्षे पाहुण्यांच्या आधी राखण होती. पाहुण्यांमुळे गावाला आधार मिळाला, पण सुरुवात पाहुण्यांमुळे झाली नाही.

एका गावाने किनारा राखला तर त्याचा उपयोग किती लांबवर होतो तेही बघा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीला नंबराची पट्टी लावली होती. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालायला आली! देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेला. तिला जिल्हा, राज्य काही ठाऊक नाही. तिला फक्त राखलेली वाळू पाहिजे.

आता आपल्या गावाचे

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार पोरांनी रानात टिटवीचे घरटे पाहिले. घरटे कसले, ढेकळांत चार अंडी. कासवासारखीच टिटवीही भुईवरच अंडी घालते. आमच्यातल्या एकाने दोन अंडी खिशात घातली. खोटे कशाला सांगू, तो मीच. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती आणि आम्ही हसत होतो. घरी येईपर्यंत अंडी फुटली.

आजोबा मारतील असे वाटले होते. पण ते एवढेच म्हणाले, "टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आम्ही बघत आलो. आता अंडीच उचलली, मंग पाऊस कुणाला इचारायचा?" मला मारापेक्षा ते जास्त लागले.

आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झाले. मोरही भुईवरच अंडी घालतो, म्हणजे लांडोर घालते. पण सगळ्या टिटव्या, सगळ्या लांडोरी अभयारण्यात राहत नाहीत. त्या आपल्या बांधावरही असतात. तिथे वनरक्षक कुठवर पुरेल?

यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात ग्रामपंचायतीने समिती नेमावी असे सांगितले आहे. गावातली झाडे, पाखरे, जनावरे, बियाणे यांची नोंदवही त्या समितीने लोकांना विचारून करायची असते. आमच्या वर्गाने ठरवले आहे की, ग्रामपंचायतीत जाऊन ती वही बघायला मागायची. वहीत टिटवी आहे का, ते बघायचे. नसली तर लिहून घ्या म्हणायचे.

आणि या उन्हाळ्यात घरटे दिसले तर चार दगड लांबून मांडून खूण करायची, म्हणजे नांगर, बैल, ट्रॅक्टर त्यावरून जाणार नाही. पालकांनी औत वळवताना ती खूण पाहावी, ही विनंती. पहिली खूण मी मांडणार आहे.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी