कान असलेला देवमासा

पोरांनो, आपली कणकुंबी डोंगरावरची खरी, पण इथल्या पावसाला ओढ समुद्राचीच. माउलीच्या देवळापाशी उगवलेली मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेत शिरते नि बंगालच्या उपसागराला लागते, तर कळसा नाल्याचं पाणी म्हादईतून गोव्याकडं उतरून अरबी समुद्र गाठतं. कंदिलाची वात जरा वर करा, दूरच्या एका समुद्राकाठचं चित्र बघायचंय.

चित्र हॉलंडचं. 1598 साली तिथल्या किनाऱ्याला एक स्पर्म व्हेल, म्हणजे दातांचा देवमासा, लागला. चित्रकार हेंड्रिक गोल्टझियसनं तो रेखाटला अन् त्याचा सावत्र मुलगा याकोब माथाम, त्यानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे काढले. तीन वर्षांनी बेवरवाइकला आणखी एक लागला. तो यान सानरेदामनं कोरला. त्यात एक बडा सरदार वासानं नाकाला रुमाल लावून उभा आहे, अन् कडेला चित्रकार स्वतःच बसून काढतोय, वाऱ्याला आडोसा धरून.

देवमासा किनाऱ्याला लागला की आपल्याकडंही जत्रा लोटते बरं. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं, तर माणसं त्याच्यावर ओली कापडं टाकत होती, पाणी ओतत होती. का? अरे, पाण्यात असतं तोवर त्याचं ओझं पाणी पेलतं. वाळूवर आलं की आपल्याच वजनानं छाती दडपते, अन् चरबीच्या जाड थरामुळं अंगातली धग बाहेर पडत नाही. सुमारे 40 तासांच्या खटपटीनं ते समुद्रात सोडलं, पण बिचारं जगलं नाही. मला मात्र ती पाणी ओतणारी माणसं फार मोठी वाटतात.

हां, पण त्या 1598 च्या चित्रातली गंमत राहिलीच की! डोळ्याच्या मागं बघा, अगदी जवळ. सुपासारखा कान! देवमाशाला कुठला आलाय असा कान? तो आहे त्याचा पोहायचा पर, चुकून डोळ्याला चिकटवलेला. पुढं 1601 मध्ये इटलीत अँकोनाला एक देवमासा लागला, तेव्हा तिथल्या कारागिरानं हेच चित्र उचललं, कानासकट, अन् खाली लिहिलं की प्रत्यक्ष बघून हुबेहूब काढलंय!

अन् खरी नवलाई त्या पराच्या आत. कातडं सोलून बघितलं तर खांदा, कोपर, मनगट, बोटांची हाडं, सगळं आपल्या हातागत. म्हणजे कान म्हणून काढला तो त्याचा हात! मग ऐकतो कशानं? बाहेर दिसायला टाचणीएवढं भोक, बास. आवाज पोचतो खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानाला. किलोमीटरभर खोल, मिट्ट काळोखात हा गडी टकटक आवाज करतो, त्याचा पडसाद जबड्यानं झेलतो नि माकूळ धरून खातो.