पापणीपासून पट्टीपर्यंत

गरोदर बाईच्या अंगात रक्त किती, हे खान्देशात कित्येक पिढ्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर ठरत आलं. सुईण असो की उपकेंद्रातली नर्सबाई, पापणी अलगद खाली ओढायची, आत लाली आहे की फिकेपणा ते बघायचं, मग जीभ, नखं, तळहात. ‘आंगमा रगत नही’ एवढं निदान झालं की गूळ-शेंगदाणे, खजूर, पालेभाजी सुचवायची. या तपासणीला पैसा लागत नव्हता आणि जाणत्या हाताला ती बरंच काही सांगायची. पण पापणी पांढरी दिसते ती रक्त फार उतरल्यावरच. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेली बाई नजरेतून निसटायची. ती निंदणीला जायची, पाणी भरायची, दम लागला तर ‘पोटुशी आहे, लागणारच’ म्हणून घरचे सोडून द्यायचे. खरी स्थिती उघड व्हायची ती बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाल्यावर.

गरोदरपणात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं साहजिक. म्हणून एरवी १२ ग्रॅमची असलेली रेषा गरोदर बाईसाठी ११ वर धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. पोटातलं बाळ, वार आणि आईचं वाढतं रक्त यांसाठी नऊ महिन्यांत साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि वरणावर दिवस काढणाऱ्या, जेवणाला लागूनच कडक चहा घेणाऱ्या बाईला ते ताटातून मिळणं कठीणच.

या विषयावरचं एक मोलाचं काम जुन्या मुंबई इलाख्यातच झालं. इंग्लंडहून आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. या बायांच्या रक्तपेशी आकाराने मोठ्या होत्या आणि नेहमीच्या उपचारांना दाद देत नव्हत्या. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिल्यावर त्या सुधारल्या. विल्स यांनी १९३१ साली हे प्रसिद्ध केलं. अर्कातल्या त्या अनामिक घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले आणि पुढे तो फॉलिक अॅसिड ठरला. आज खान्देशातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या हाती पडणाऱ्या लाल गोळीचा अर्धा इतिहास मुंबईच्या गिरणगावातला आहे. विल्स यांनी विचारलेला प्रश्न मात्र पुढची अनेक दशकं मागे पडला. रक्त कमी आहे हे दिसतंय, पण ते कशामुळे कमी आहे?

१९७० साली देशभर पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडच्या शंभर गोळ्या द्यायच्या, असं ठरलं. १९९१ नंतर लोहाची मात्रा १०० मिलिग्रॅमवर गेली. आजाराचं प्रमाणच इतकं मोठं होतं की तपासणीची वाट न पाहता सरसकट गोळी देणं शहाणपणाचं होतं. त्याचा परिणाम असा झाला की खेड्यात गोळी आधी पोहोचली आणि तपासणी मागे राहिली. गोळ्यांचं वाटप मोजलं जाई, पोटात गेलेल्या गोळ्या कोणी मोजत नसे. मळमळतं, शौचाला काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं अशा धास्तीने कितीतरी पाकिटं धान्याच्या डब्यामागे पडून राहिली. बायांच्या या तक्रारी खोट्या नव्हत्या. मळमळ आणि बद्धकोष्ठ हे लोहाच्या गोळीचे खरेच त्रास आहेत. रात्री जेवणानंतर घे, चहासोबत घेऊ नकोस, लिंबू पिळून खा, एवढं सांगायला कोणी बसलं असतं तर बराच फरक पडला असता.

आरोग्य केंद्रात तपासणी होई ती साहलीच्या पद्धतीने. स्वित्झर्लंडच्या हर्मान साहली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आणलेलं हे साधन शंभर वर्षं टिकलं. खुणांच्या काचनळीत तळाशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. बोट टोचून बारीक पिपेटमध्ये ०.०२ मिलिलिटर रक्त ओढायचं आणि आम्लात सोडायचं. दहा मिनिटं थांबायचं. रक्त गडद तपकिरी होतं. मग डिस्टिल्ड वॉटरचा एकेक थेंब टाकत, काचेच्या काडीने ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत फिकट करत न्यायचं आणि नळीवरची खूण वाचायची. सगळा भार डोळ्यांवर आणि उजेडावर. खिडकीतून येणारं ऊन कमी झालं, तुलनेची काच जुनी झाली, पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा शिरला किंवा दहाऐवजी तीनच मिनिटं थांबलं, की आकडा ग्रॅमभराने इकडेतिकडे व्हायचा. समोर चाळीस बाया रांगेत आणि नळी एक, अशा दिवशी नर्सबाईने प्रत्येकीसाठी दहा मिनिटं कुठून आणायची? हा दोष तिच्या कष्टांचा नव्हता, तिच्या हाती दिलेल्या साधनाचा होता.

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच घरोघरी बोटातलं रक्त घेऊन छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजलं गेलं आणि रक्तक्षय देशाच्या आकडेवारीत ठळकपणे उतरला. खान्देशापुरती इथे एक नोंद करायला हवी. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या धुळ्याच्या आकड्यांत अक्कलकुवा-धडगावचा डोंगर धरलेला आहे, नंतरच्या आकड्यांत नाही. धुळ्याची जुनी आणि नवी टक्केवारी शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणाऱ्याने एवढं तपासून घ्यावं.

पुढची वीस वर्षं योजनांची. २००५ नंतर आशाताई गावागावात आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत झालं. जून २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख गरोदर मातांची ठरली. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या या दिवशी वजन, रक्तदाब, लघवी, रक्त सगळं एकाच ठिकाणी तपासायचं, डॉक्टरांनी स्वतः बघायचं आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावायचं. शिरपूर-चोपड्याच्या बाईला अमुक दिवशी डॉक्टर भेटणारच ही खात्री नऊ तारखेने दिली. ती कोणत्याही यंत्राइतकीच महत्त्वाची होती.

२०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाने साहलीच्या नळीची जागा डिजिटल यंत्राला दिली. पहिला थेंब पुसायचा, दुसरा पट्टीवर घ्यायचा, मिनिटाच्या आत आकडा पडद्यावर. इथेही हाताचं कसब लागतंच. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. पण खरी प्रगती पट्टीपेक्षा तिच्या पुढे लिहिलेल्या नियमात होती. रक्त कमी आढळलं तर गोळ्या दुप्पट, महिन्याने पुन्हा तपासणी, आणि महिन्यात एक ग्रॅमनेही वाढ नसेल तर पुढच्या दवाखान्यात. दिवस भरत आले असतील किंवा गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह. ७ च्या खाली रुग्णालय, ५ च्या खाली तातडीने भरती आणि रक्त. वर्षानुवर्षं आकडा रजिस्टरच्या रकान्यात जाऊन थांबत होता, आता त्याला पुढचा रस्ता मिळाला. तीव्र रक्तक्षयाच्या बाईला तो रस्ता धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाहीतर जळगावला घेऊन जातो. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०१८ चंच.

दुप्पट गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, तेव्हा विल्सबाईंचा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं उत्तर अनेकदा सिकलसेल असतं. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या २००२ च्या अभ्यासानुसार महाराष्ट्रातल्या भिल्ल, पावरा, माडिया अशा जमातींत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के आहे. भिल्ल-पावरांची वस्ती शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आहे. वाहक बाई बहुधा ठणठणीत असते. दोन्ही दोषी जनुकं असलेल्या बाईच्या रक्तपेशी मात्र कोयत्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, सांधे ठणकतात, आणि गरोदरपण तिच्यासाठी जोखमीचं ठरतं. तिला फॉलिक अॅसिड हवंच. लोह मात्र ते खरंच कमी आहे का, हे पाहून द्यायचं. लोहाची कमतरता आणि सिकलसेल यांत हिमोग्लोबिनचा आकडा फरक करत नाही. त्यासाठी आधी विद्राव्यता चाचणी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. राज्यात सिकलसेल नियंत्रणाचं काम आधीपासून होतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरलं.

या सगळ्या काळाचा ताळेबंद मांडताना दोन आकडे एकत्र वाचायला हवेत. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातल्या रक्तक्षयी गरोदर स्त्रियांचं प्रमाण ४९.३ वरून ४५.७ टक्क्यांवर आलं. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रियांचं प्रमाण ४८ वरून ५४.२ वर गेलं. बाई गरोदर झाली की यंत्रणा तिच्याकडे बघते, त्याआधी फारसं नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी शाळा सुटली की सुटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यात १८ च्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण सुमारे ४० टक्के निघालं, राज्याच्या जवळपास दुप्पट. स्वतःची वाढ पुरती न झालेली मुलगी आधीच रिकाम्या साठ्यावर गरोदर राहते आणि सहा महिन्यांत तो साठा भरायची जबाबदारी नर्सबाईवर येते.

सिकलसेलच्या बाबतीत तर वेळ त्याहून तोकडा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच व्हायला हवी. दोघंही वाहक असले तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. गर्भाची तपासणी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी होऊ शकते, पण त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतच सगळं कळायला हवं. साक्री-चाळीसगावकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, काही पश्चिम महाराष्ट्राकडे, काही गुजरातेत. त्या हंगामात दिवस गेलेल्या बाईची पहिली नोंद फडाजवळच्या अनोळखी दवाखान्यात होते, किंवा उन्हाळ्यात गावी परतल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात. तिचं कार्ड, तिचा आधीचा आकडा आणि तिच्या नवऱ्याचा सिकलसेल अहवाल टोळीसोबत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वाचता येईल, अशी सोय धुळे-जळगावच्या आरोग्य यंत्रणेला आता उभी करायची आहे. टोळ्या निघायच्या आधीच्या महिन्याची नऊ तारीख त्यासाठी हाताशी आहे.