मोटारीचा उजवा हात कोणता?

गेल्या पावसाळ्यात डोंबिवली पूर्वेच्या एका गॅरेजात, मोटारीच्या समोर उभा राहून, ‘उजवीकडचा दिवा फुटला’ अशी कैफियत मी सुट्या भागांच्या दुकानदारास फोनवरून कळविली आणि दुसऱ्या दिवशी नेमका धडधाकट बाजूचा दिवा हाती आला. चूक अर्थातच माझी. मोटारीची डावी-उजवी बाजू पाहणाऱ्यावरून नव्हे, तर चालकाच्या आसनावर बसून पुढे पाहणाऱ्याच्या हातांवरून मुक्रर होते, आणि खोक्यावरील ‘एलएच’ व ‘आरएच’ ही अक्षरे याच दस्तुराची निशाणी होत.

आमचे मिस्त्री या घोळात पडतच नाहीत. ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’ म्हणून मोकळे होतात, यद्यपि अमेरिकेत, जिथे चालक डावीकडे बसतो, त्यांची साइड पालटेल आणि ‘एलएच’ मात्र अढळ राहील. दिव्याच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे: आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जात असल्यामुळे डिपरचा झोत, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून, किंचित डावीकडे लांबविलेला असतो, आणि उजव्या अंगाने चालणाऱ्या देशातला दिवा येथे बसविल्यास तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

बाजू जशी हातावरून ठरते, तशी दिशाही: संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि दक्षिण दिशाही, कारण पूर्वाभिमुख मनुष्याच्या उजव्या हाताला तीच दिशा येते. डोंबिवलीकराने मात्र तोंड कुठेही असो, रुळांच्या आधारे ‘पूर्वेला’ की ‘पश्चिमेला’ एवढेच विचारावे, अशी आमच्या गावची जुनी वहिवाट.