वॉटांची भूल आणि मेनूथचा पाद्री

आयर्लंडमधल्या सिटीवेस्टहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. मुलगी डिजिटल पियानो वाजवते, यंदा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ती स्टेजवर बसणार. तर अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा?

‘किती वॉट’ हे आधी बाजूला ठेवू. खोक्यावर तोच आकडा सर्वांत ठळक छापतात, आणि तोही पुष्कळदा क्षणभर टिकणारा ‘पीक’ असतो. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबेलने. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबेल लागतात, म्हणजे दहापट वॉट! २०० ऐवजी ४०० वॉट घेतले तर फरक खिशाला कळतो, कानाला जेमतेम.

स्पीकर कोणत्या जातीचा, हे जास्त महत्त्वाचं. घरात गिटारचा अ‍ॅम्प पडलेला असला की त्यालाच पियानो जोडायचा मोह होतो. पण तो अ‍ॅम्प आवाजाला मुद्दाम स्वतःचा रंग देतो आणि ५,००० हर्ट्झच्या वर हात आखडता घेतो. पियानोच्या शेवटच्या पट्टीचा स्वर ४,१८६ हर्ट्झचा असला, तरी त्याचे उपस्वर आणि हातोडीचा ‘टक्’ त्याहून वर असतात. ते गेले की वाद्य बोथट वाजतं. तेव्हा स्वतःचं काही न मिसळणारा १० किंवा १२ इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर बरा.

खालच्या टोकाची काळजी नको. सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, आणि असा स्पीकर ५०च्या आसपासच दम सोडतो. तरी स्वर खालचाच ऐकू येतो, कारण ५५, ८२.५, ११० या उपस्वरांवरून मेंदू न वाजलेला मूळ स्वर भरून काढतो. भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेकने १८४१ मध्ये सायरनवर हा प्रकार दाखवला, तेव्हा ओहमने (हो, रोधाच्या नियमाचाच!) त्याच्याशी वाद घातला होता.

स्पीकर एकच असेल तर केबल ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकमध्येच घाला. डिजिटल पियानोतल्या आवाजाचे नमुने बहुधा दोन माइकांनी टिपलेले असतात. दोन्ही बाजू कशाही एकत्र केल्या, तर काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

आता खरा शत्रू : ‘घूं’. लांब केबल आजूबाजूच्या विजेच्या तारांतला ५० हर्ट्झचा गुंजारव गोळा करते. शिवाय पियानोला जोडलेला लॅपटॉप आणि हॉलचा मिक्सर वेगवेगळ्या प्लगांवर असले, तर अर्थिंगमधूनही तो शिरतो. आणि ५० हर्ट्झ म्हणजे पियानोच्या ४९ हर्ट्झच्या ‘जी’ला जवळजवळ चिकटूनच. इथे वॉट वाढवले की घूंसुद्धा वाढते. उपाय म्हणजे डीआय बॉक्स, मुठीएवढी डबी. ती एकाच संकेताच्या दोन उलट प्रती दोन तारांवर पाठवते आणि मिक्सर त्यांची वजाबाकी करतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसा दोन्ही तारांवरचा सारखा गोंगाट वजा होतो. साध्या, बिनबॅटरीच्या डीआयमध्ये असतो एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन वेटोळ्यांना जोडणारी तार नसते, दुवा फक्त चुंबकीय. त्यामुळे अर्थिंगची वाटही तोडता येते.

या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट तुमच्या शेजारचीच. अशीच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळून, सिटीवेस्टपासून फार दूर नसलेल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन या पाद्री-प्राध्यापकाने १८३६ मध्ये इंडक्शन कॉइल बनवली. फॅरेडेच्या विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाच्या प्रयोगानंतर पाचच वर्षांनी. व्होल्टेज मोजायला धड साधन नव्हतं, म्हणून गडी विद्यार्थ्यांनाच तारा धरायला लावी! पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श अशाच झटक्याने बेशुद्ध पडले आणि मग विद्यार्थ्यांची सुटका होऊन कोंबड्यांवर पाळी आली, असं सांगतात. श्रेय मात्र पॅरिसच्या उपकरणकार रूमकॉर्फला मिळालं. तिसऱ्या नेपोलियनने १८६४ मध्ये कॉइलसाठी त्याला ५०,००० फ्रँक दिले. कॅलन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. विजेच्या इतिहासात फॅरेडेवर प्रकरणं आहेत. कॅलनला परिच्छेदही मुश्किलीने मिळतो.

तेव्हा हिशेब असा करा : आधी डीआय बॉक्सचे पैसे बाजूला काढा, मग चांगल्या स्पीकरचे. हॉलची स्वतःची ध्वनियंत्रणा असेल तर डीआयवरच भागेल, आणि वॉटांची चिंता तिथला साउंडवाला करेल.