फोटोत समुद्र हवा, तशी आपली माणसेही हवीत!

मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते, की आपण बेटावर राहतो? लोकलच्या डब्यात चेंगरून कामावर जाणाऱ्याला पाणी दिसते ते माहीमच्या खाडीवर, नाहीतर भाईंदर-नायगावच्या पुलावर. तेही दारात उभे राहायला जागा मिळाली तर! पण एकदा नकाशा उघडून पाहा. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचा हा सारा मुलूख म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांवरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. त्याच्या दक्षिणेची सात लहान बेटे भराव घालून जोडली गेली आणि जुनी मुंबई तयार झाली. म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतला कामगार असो की घाटकोपरच्या टेकडीवरची धुणीभांडी करणारी आपली भगिनी असो, आपण सारेच बेटावरचे रहिवासी!

आता घरातला जुना अल्बम काढा. त्यात आईवडिलांचा स्टुडिओतला एक फोटो हमखास सापडेल. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर निळा समुद्र, नारळाची झाडे आणि तांबडा सूर्य. खरा समुद्र चार स्टेशनांवर असताना आपली माणसे रंगवलेल्या समुद्रापुढे ताठ उभी राहिली! याचे कारण साधे होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, पण आपल्या वस्त्यांत कॅमेरा पोहोचायला त्यापुढे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या एका रोलात बारा फोटो निघत. बारसे, लग्न आणि १४ एप्रिलची मिरवणूक यातच रोल संपे. ढगावर एक फोटो खर्च करणे ही चैन होती. आज मात्र घरातल्या एका तरी फोनमध्ये कॅमेरा आहे. साधन आले, आता ते वापरायचे कशासाठी हा प्रश्न उरतो.

आम्ही काही मंडळी, त्यात कचेरीतले कारकून, रेल्वेचे कामगार, एक शिक्षिका, एक नर्सबाई, महिन्यातल्या एका रविवारी मुलाबाळांसह भाजीभाकरी बांधून निघतो. डोंगर चढतो, खाडी पाहतो, फोटो काढतो. वस्तीतल्या एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला रोखठोक विचारले, ‘‘पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही सूर्याचे फोटो काढत फिरता?’’ प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

उत्तराची सुरुवात कान्हेरीपासून करू. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाज्यातून आत गेले की सहा-सात किलोमीटरवर लेणी आहेत. लहान मुले नसतील तर ही वाट पायीच चालावी. काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत बुद्धांच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, प्रत्येकी सुमारे सात मीटर उंचीच्या. मूर्तीच्या पायाशी मुलीला उभे करून फोटो काढा, म्हणजे उंची किती ते आपोआप कळते. पण तिथेच थांबू नका. पावसाचे पाणी साठविणारी टाकी पाहा, कातळात खोदलेल्या पायऱ्या पाहा. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे. त्यात केवळ मोठे व्यापारी नाहीत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले, कल्याणच्याच एका लोहाराने चालण्याची वाट दान दिली! सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका कारागिराने पुढच्या माणसांना डोंगर चढता यावा म्हणून पदरचा पैसा खर्च केला. मग त्या डोंगरावर चालणे ही कारागिरांच्या आणि कामगारांच्या वारसांना चैन कशी म्हणावी? वाट आपल्यासाठीच केलेली आहे, चालायचे तेवढे आपण बाकी आहोत.

कान्हेरीला सकाळी लवकर जावे. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते, दुपारी डोक्यावरच्या उन्हात ते सपाट होते. वरच्या सपाटीवरून पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती, त्यापलीकडे गोराईची खाडी आणि समुद्र दिसतो. संध्याकाळी उद्यान बंद होते, सोमवारी ते बंदच असते. शिवाय जंगलात बिबट्यांचा वावर आहे. म्हणून रेंगाळू नये, ठरलेली वाट सोडू नये.

मावळतीसाठी किनारा गाठावा. दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई, जे जवळ पडेल ते. मुलांना एक गंमत दाखवा. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. दादर चौपाटीवर उभे राहिले तर डिसेंबरात तो डावीकडे वरळीच्या अंगाला सरकलेला असतो, जूनमध्ये उजवीकडे वांद्र्याच्या अंगाला. वर्षभरात तो क्षितिजावर जवळजवळ पन्नास अंश फिरतो. वेळही बदलते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो काढून वहीत चिकटवला, तर भूगोलाचा एक धडा घरीच तयार होतो. सूर्य लाल का दिसतो? संध्याकाळी त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. पाऊस ओसरल्यावर हवा धुतलेली असते, आकाशात सुटे ढग असतात. तेव्हाचे रंग बहुधा सर्वांत सुंदर.

फोटो काढण्याच्या चार साध्या गोष्टी सांगतो. आधी रुमालाने भिंग पुसा, कारण खिशातला घाम आणि धूळ त्यावर असते. पडद्यावर उजळ भागावर बोट टेका, म्हणजे आभाळ पांढरे पडत नाही. समुद्राची रेषा आडवी सरळ ठेवा. आणि बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटेच मिळतात, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. बुडाल्यावरही वीस मिनिटे थांबा. खरे रंग बरेचदा नंतरच चढतात.

आता थोडे कडू बोलू. निसर्गाच्या फोटोंची जी प्रदर्शने भरतात, त्यांत आपली वस्ती कुठे दिसते? जंगल दिसते, बिबट्या दिसतो, शिवडीच्या चिखलातले गुलाबी रोहित पक्षी दिसतात, पण पाड्यावरचा आदिवासी, खाडीत निवटी पकडणारी बाई, टेकडीवरची झोपडी चौकटीबाहेर राहते. चौकटीबाहेर राहिलेला माणूस पुढे हिशोबाबाहेरही राहतो. राष्ट्रीय उद्यानातील झोपड्यांविरुद्ध १९९५ साली उच्च न्यायालयात याचिका झाली आणि १९९७ च्या आदेशानंतर हजारो झोपड्या तुटल्या. जंगल वाचले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण जंगल वाचवायचे म्हणताच गरिबाचे घरच आधी नजरेस यावे, याचे दुःख आहे.

दुसरीकडे खाडी बुजली की पहिले पाणी आपल्याच घरात शिरते, हेही विसरता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठच्या वस्त्यांनी ती रात्र कशी काढली ते आपल्याला कोणी सांगायला नको. भरतीचे पाणी अडवून धरणारी आणि किनाऱ्याची माती सांभाळणारी तिवरांची झाडे आपल्या दारातच आहेत. ओहोटीला जाऊन पाहा. चिखलातून वर आलेली बोटाएवढी मुळे श्वास घेतात, पानांवर मिठाचे कण दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की तिवरांचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग. हे कलम बाबासाहेबांच्या घटनेतले आहे, ते आपल्यालाही लागू आहे. म्हणून राडारोडा टाकणारा ट्रक दिसला तर धोका न पत्करता दुरून फोटो घ्या, तारीख-वेळ-जागा लिहून ठेवा आणि सह्या गोळा करून अर्ज द्या. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा अर्जाला जोडलेला फोटो वजनदार ठरतो.

तरुण मुलामुलींना एक कळकळीची सूचना. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या किनाऱ्यावर सेल्फी घेताना एक तरुणी समुद्रात गेली, तिला वाचवायला उतरलेला माणूसही परतला नाही. ओल्या खडकावर शेवाळ असते. भरती चढते तेव्हा मागची वाट आधी बुडते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारच्या अंदाजावर जाऊ नये. पावसाळ्यात पाण्यापासून दूरच उभे राहावे. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.

काकांना आम्ही हेच सांगितले. नोकरीची लढाई लढायचीच आहे, तिला पर्याय नाही. पण आपण ज्या बेटावर घाम गाळतो ते पाहण्याचा, त्यावर हिंडण्याचा आणि त्याच्या चित्रात दिसण्याचाही आपला हक्क आहे. काका पुढच्या रविवारी आले. कान्हेरीच्या पायऱ्या त्यांनी कोणाचा हात न धरता चढल्या.

वाचकहो, घरातल्या आयांना आणि आज्यांना सोबत न्या. डबा बांधून देऊन त्या मागे राहतात, हे यापुढे नको. त्यांना खऱ्या समुद्रापुढे उभे करा, निवांत बसू द्या, मग फोटो काढा. तो फोनमध्ये पडून राहू देऊ नका. एखादी प्रत छापून आणा, मागे तारीख आणि जागा लिहा आणि स्टुडिओतल्या त्या जुन्या फोटोशेजारी अल्बममध्ये लावा.